जातं, एक नग

"पहाटेच्या ताऱ्या, आज का रे थांबलास…"

एवढी एकच ओळ शैलजाच्या कानात राहिली होती. ती सहा-सात वर्षांची असेल तेव्हा दापोलीजवळच्या गावात कुडाच्या भिंतीपलीकडून ती ओळ यायची, आणि ओळीच्या मागोमाग जात्याची घरघर. गाणारी कोण, ते पुढे कोणालाच सांगता येईना. आई म्हणायची, तेव्हा शेजारी कोणी राहतच नव्हतं, तुला स्वप्न पडलं असेल. पण स्वप्नाला कधी ताज्या पिठाचा वास येतो का? ओवी जिथं येऊन टेकते ती दुसरी ओळ तिला काही केल्या आठवली नाही. अर्धी ओवी कनवटीला बांधून बाई शिकली, एम. ए. झाली, आणि फिरत फिरत सिल्वासातल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आली. वर्गातली निम्मी मुलं घरी गुजराती बोलत, काही हिंदी, आणि मराठीच्या तासाला सगळी मिळून खिडकीबाहेर बघत.

एक्क्याण्णव साली विद्यापीठाचं परिपत्रक आलं. अध्यापकांच्या संशोधनासाठी आणि सर्जनशील कार्यासाठी विद्यापीठ आपल्याच निधीतून अनुदान देणार होतं. हेडक्लार्क अनंतराव परिपत्रक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि त्यांनी ते थेट प्रयोगशाळेकडच्या टेबलावर ठेवलं. शैलजानं हात पुढे केला तसे हसून म्हणाले, "मॅडम, हे शास्त्रवाल्यांचं काम. त्यांच्याकडे नळ्या फुटतात. मराठीत काय फुटतं?"

"कान," शैलजा म्हणाली आणि अर्ज घेऊन घरी गेली.

तिच्या मनात भिमाबाई होती. भिमाबाईची ओळख पिठाच्या गिरणीतल्या रांगेतली. शिरपूरकडची बाई, तापीकाठची. नवऱ्याबरोबर इकडे आलेली आणि खडोलीच्या एका सूत कारखान्यात बॉबिनवर, सुताची रिळं भरायला लागलेली. गिरणीतून डबा हातात आला की तिला चटका बसायचा. मग ती करवादायची, हे पीठ आहे का निखारा, आणि जाता जाता स्वतःशीच काही पुटपुटायची. एकदा शैलजाच्या कानावर ते पडलं आणि ती दळण रांगेत ठेवून तिच्या मागे धावली. ती ओवी होती.

पण टेपरेकॉर्डर समोर ठेवून गा म्हटलं, तर भिमाबाईच्या तोंडून अक्षर फुटेना. "हात फिरला पाहिजे, बाई. नुसतं तोंड काय गाईल?" तिचं जातं गावाला राहिलं होतं. दगड कोण एस्टीत घालून आणतं? आणि आणलं तरी चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दगडानं झोपायचं की माणसांनी?

म्हणून शैलजानं अर्जातल्या 'उपकरणे' या रकान्यात लिहिलं: टेपरेकॉर्डर, कॅसेटी, आणि जातं, एक नग.

इथून जो गोंधळ सुरू झाला तो दोन वर्षं थांबला नाही. विद्यापीठानं विचारलं, सदर उपकरण विजेवर चालणारं की हस्तचालित? शैलजानं कळवलं, हस्तचालित. उलट टपाली आलं, तीन दरपत्रकं जोडा. आता पाथरवट कुठला छापील दरपत्रक देणार? गलोंड्याच्या रस्त्याला पाल टाकून बसलेल्या पाथरवटाला तिनं कागद दाखवला तर तो म्हणाला, बाई, दगड बघा, कागद काय बघता. शेवटी अनंतरावांनीच तीन कागदांवर तीन वेगळ्या शायांनी मजकूर लिहिला आणि पाथरवटाच्या घरातल्या तिघांचे अंगठे घेतले. यात खरं किती आणि खोटं किती, हे शैलजाला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही.

सगळ्यात अवघड रकाना निराळाच होता. 'संशोधन' आणि 'सर्जनशील कार्य', यापैकी एकावर खूण करायची होती. संशोधन म्हणजे गोळा केलेलं, सर्जनशील म्हणजे अध्यापकानं स्वतः निर्माण केलेलं. शैलजानं आधी एकावर खूण केली, ती खोडली, दुसऱ्यावर केली, तीही खोडली. अनंतराव म्हणाले, मॅडम, फॉर्मला भोक पडेल. मग तिनं डोळे मिटून संशोधनावर केली.

जातं आलं. भिमाबाईच्या चाळीत, नळाशेजारच्या ओट्यावर बसवलं. पहिल्या रविवारी तिनं शैलजाला टेप लावूच दिला नाही. नव्या जात्यात आधी कोंडा दळायचा, दगडाची कचकच निवळू द्यायची, मग धान्य. त्या रविवारी नुसती घरघर. दुसऱ्या रविवारी जात्यात कळणा, म्हणजे ज्वारी-उडदाचं मिसळलेलं दळण, पडला, समोर शेजारची कावेरी खुंट्याला हात लावून बसली, आणि भिमाबाईचा गळा उघडला.

*कंपनीच्या भोंग्या, नको हाक मारू*
*अर्धा दाणा जात्यात, त्याला कशी विसरू*

शैलजाच्या अंगावर काटा आला. पण काटा उतरला तशी ती चक्रावली. कंपनीचा भोंगा? ही ओवी जुनी कशी? तिनं विचारलं, "भिमाबाई, ही कोणाची ओवी?"

"आईची."

"तुमच्या आईच्या काळात कंपनी होती का?"

भिमाबाईनं पिठावरून हात फिरवला. "आई होती म्हणून ओवी आहे," ती म्हणाली, आणि खुंटा पुन्हा ओढला.

*दमणगंगे बाई, पाणी तुझं गार*
*तापीच्या लेकीला, दे गं शेजार*

हीदेखील आईची. जिनं दमणगंगा कधी डोळ्यांनी पाहिली नसावी तिची. शैलजा घरी येऊन दोन वह्या घेऊन बसायची. लाल वहीत जुन्या ओव्या, निळीत नव्या. पण सोमवारी लाल वहीत घातलेली ओवी गुरुवारी निळीत जायची आणि रविवारी भिमाबाई ती अशा काही आर्त सुरात गायची की पुन्हा लाल वहीत यायची. कावेरीला विचारलं तर ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "ओवी कोणाची, असं इचारत नसतात मॅडम. मी केली म्हणणारीच्या पुढं कोण बसणार खुंटा ओढायला? समद्या आईच्याच म्हणतात."

शैलजानं ते ऐकलं, वहीत टिपूनही ठेवलं, पण त्याचा अर्थ तिनं आपल्या सोयीनं लावला. तिला वाटलं, म्हणजे परंपरा. म्हणजे जुनं. म्हणजे अर्जावरची खूण बरोबर.

मध्येच एक घोटाळा तिनं स्वतःच करून ठेवला. एका कॅसेटमध्ये ट्रकचा हॉर्न घुसला आणि ओवीची दुसरी ओळ बुडाली. भिमाबाईला ती पुन्हा आठवेना. शैलजानं आपल्या मनानं एक ओळ बसवली आणि वाचून दाखवताना सांगायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी भिमाबाईनं तीच ओळ जात्यावर गायली, अशी की जणू शंभर वर्षं गातेय. शैलजानं टेप बंद केला. तिनं कबूल केलं, ही माझी ओळ, भिमाबाई, मी घातली. भिमाबाई आणि कावेरी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की पीठ उडालं. मग भिमाबाई म्हणाली, "मग काय झालं? आता तीही आईची."

शैलजा त्या संध्याकाळी चालत घरी आली. आपण काय गोळा करतोय आणि काय पेरतोय, हे तिला उमगेनासं झालं होतं.

तोवर दुसरी काळजी लागली होती. कारखान्यातल्या सुताची पिंज भिमाबाईच्या छातीत बसत चालली होती. आधी रविवारी पंधरा-वीस ओव्या व्हायच्या, मग आठ, मग चार. उंच सुरावर गेली की खोकला यायचा आणि जातं थांबायचं. डॉक्टर म्हणाला बॉबिन सोडा. भिमाबाई म्हणाली मग चूल कोण पेटवील. शैलजाला एवढंच कळत होतं की गळा चाललाय आणि कॅसेटींना दमट हवेत बुरशी धरतेय. ओव्या राहतील तर पुस्तकात राहतील. अनुदानाच्या शेवटच्या हप्त्यातून विद्यापीठ पुस्तिका छापणार होतं, पण त्याआधी परीक्षकांनी काम मंजूर करायला हवं होतं. भिमाबाईला तिनं शब्द दिला होता, यंदा छापून येईल. भिमाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं विचारलं होतं, केवढं असेल? शैलजानं हातानं आकार दाखवला. भिमाबाईनं तो आकार आपल्या हातांनी पुन्हा करून बघितला.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये परीक्षक आले. प्राचार्यांच्या खोलीत दुपारचा पंखा फिरत होता. एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, चष्मा कपाळावर चढवलेले, आणि एक मराठीच्या निवृत्त बाई, गोऱ्यापान, बोलताना मान तिरकी करणाऱ्या. भिमाबाई पहिली पाळी करून तशीच आली होती. केसांत पिंज, पायांत स्लिपर. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. सोबत कावेरी, ती बसलीच नाही.

रसायनवाल्यांनी फाइल चाळली आणि जात्याच्या पावतीपाशी थांबले. हे उपकरण प्रकल्प संपल्यावर महाविद्यालयात जमा होणार का, त्यांनी विचारलं. अनंतराव तत्परतेनं म्हणाले, होणार. शैलजा म्हणाली, नाही होणार. तो मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला.

मग निवृत्त बाईंनी ओव्या वाचल्या, मोठ्यानं, चष्म्यातून. त्यांच्या तोंडी भोंगासुद्धा संस्कृत वाटत होता. वाचून झाल्यावर त्यांनी फाइल छातीशी धरली. फार सुंदर परंपरा आहे म्हणाल्या. पिढ्यान् पिढ्या वाहत आलेलं निनावी धन. त्यांनी भिमाबाईला विचारलं, कोणी शिकवल्या तुम्हाला? भिमाबाईनं नेहमीचं उत्तर दिलं, आईच्या आहेत. बाईंचा चेहरा उजळला. झालं तर मग, त्या म्हणाल्या.

रसायनवाल्यांनी नियम समजावून सांगितला. ओव्या पारंपरिक असतील तर हे संशोधन, आणि छपाई मंजूर. शैलजाबाईंनी रचल्या असतील तर सर्जनशील कार्य, त्याचीही सोय आहे, खूण बदलून घेता येईल. तिसरा रकाना नाही. अनंतरावांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर शैलजानं सही करायची आणि भिमाबाईनं अंगठा द्यायचा.

शैलजानं पेन उघडलं. तिला लाल वही दिसत होती, निळी वही दिसत होती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काहीतरी होतं ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. सही केली नाही तर पुस्तक नाही. केली तर? तिला कळेना. तिनं खाली बघितलं आणि सही केली.

अनंतरावांनी शाईचा पॅड उघडून भिमाबाईपुढे धरला. तिनं अंगठा उचलला, आणि तसाच धरला.

"यात काय लिहिलंय, ते वाचा ना बाई."

शैलजानं वाचलं. "सदर ओव्या पारंपरिक असून त्या कोणाही एका व्यक्तीची निर्मिती नाहीत."

"म्हंजे कोणाच्याच नाहीत?"

"तसं नाही हो," निवृत्त बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांच्या आहेत."

भिमाबाईनं अंगठा खाली घेतला. कावेरीनं मागून तिच्या खांद्याला हात लावला, दे अंगठा मावशी, छापून येऊ दे. भिमाबाईला खोकला आला. तो सरेपर्यंत सगळे थांबले.

"आईच्या लिहा," ती म्हणाली. "लगेच अंगठा देते. कोणाच्याच नाहीत, हे नाही जमायचं."

रसायनवाले समजुतीनं म्हणाले, "तेच ते झालं, बाई. आईनं म्हटल्या, तुम्ही ऐकल्या. आईला तिच्या आईनं दिल्या असतील."

भिमाबाईनं एकदा कावेरीकडे बघितलं. मग शैलजाकडे. रविवारमागून रविवार जात्यापलीकडे बसलेल्या या शिकलेल्या बाईकडे ती अशी बघत होती की हिला आता तरी सांगावं की नाही, याचा अंदाज घेतेय.

"माझी आई मुकी होती, बाई," ती म्हणाली. "जन्माची. कान शाबूत, पण तिच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही आम्ही. समोर बसून खुंटा ओढायची फक्त. मी गायची, आणि तिला पटलं तर ती मान हलवायची. मान हलली की ओवी तिची, असं माझं मीच ठरवलेलं; इकडं आल्यावरही ती समोर बसलीय असं धरूनच गायली. पण केल्या मी. या सगळ्या मी केल्यात."