सात कप्पे आणि एक सोमवार

संस्कृती म्हणजे भरलेला कप्पा आणि ऱ्हास म्हणजे रिकामा कप्पा, असं माझे भावजी म्हणतात. हे तत्त्व त्यांनी प्रथम न्हाणीघरातून मांडलं, साबण संपला होता तेव्हा.

भावजी कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. आता त्यांच्या घरात सुई-दोऱ्यालाही नंबर आहेत.

ताईला बोटं आखडवणारा तो हट्टी संधिवात जडला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं: दर सोमवारी एक गोळी, आठवड्यातून एकदाच. भावजींनी दहा गोळ्यांची पट्टी आणली आणि सोबत वारांची नावं लिहिलेला सात कप्प्यांचा डबा. सोमवारच्या कप्प्यात एक गोळी पडली. उरलेले सहा कप्पे मोकळे. ते त्यांना बघवेना. त्यांनी सहाही भरून टाकले. सोमवारचं झाकण स्वतः उघडून ताईला गोळी दिली आणि पुढे रोज सकाळी विचारू लागले, "घेतलीस?" ताई म्हणायची, "घेतली." मग वहीत खूण.

गुरुवारी ते नवी पट्टी आणायला गेले, कारण जुन्या पट्टीत तीनच गोळ्या उरल्या होत्या. केमिस्टनं विचारलं, दहा आठवड्यांची पट्टी गेल्या आठवड्यातच नेलीत, ती गेली कुठे? आमच्याकडे एका दिवसाचाही खाडा होत नाही, असं भावजींनी छाती काढून सांगितलं.

केमिस्टनं हातातली कात्री खाली ठेवली. "काका, ही रोज घेतली तर रक्त बनायचं थांबतं. जिवावर बेततं. आधी घरी फोन लावा."

भावजींचा दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा ताईनं उचलला. किती गोळ्या घेतल्यास, असं त्यांनी विचारलं.

"एकच. सोमवारची. बाकीची झाकणं मला उघडताच येत नाहीत."

मग सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर झाकण कसं उघडावं यावर तासभर ऐकावं लागलं असतं. म्हणून घेतली म्हणत होते."

भावजी धावत घरी आले आणि डब्यातल्या गोळ्या मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. आपली वही खोटी ठरल्याचा आनंद त्यांना जन्मात पहिल्यांदाच झाला.

तरी केमिस्टनं बजावल्याप्रमाणे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी पट्टीवर जाड अक्षरांत 'फक्त सोमवार' लिहिलं, रक्ताच्या तपासण्या चुकवू नका म्हणाले, आणि तोंड आलं, ताप आला किंवा दम लागला तर वाट न बघता फोन करा, असं दोघांकडून वदवून घेतलं.

घरी आल्यावर भावजी ताईसमोर उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच, पाठ केल्यासारखं, त्यांनी कबूल केलं की चूक सर्वस्वी त्यांची होती, तिला काही झालं असतं तर त्यांना जगण्यात अर्थ उरला नसता, आणि यापुढे ते रिकाम्या कप्प्याचाही मान राखतील.

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, "आता जरा माझे केस बांधून द्या. सकाळपासून डोळ्यांत जातायत."