टिल्लीच्या चपला

जावईबापूंना या पुस्तकातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. दारावरच्या पाटीवर नावाखाली ‘लेखक’. सासुरवाडीत खिडकीजवळची आरामखुर्ची, जी आजवर न विचारता दाताच्या डॉक्टर मेहुण्याकडे जात असे. आणि ‘तुमचे मिस्टर काय करतात?’ या प्रश्नाला बायकोचं एका शब्दात उत्तर. सध्या तिला ‘वॉशिंग मशिनबरोबर पुस्तिका येते बघा, कुणी उघडत नाही ती, ती हे लिहितात’ असं लांबण लावावं लागे.

भांडवल म्हणाल तर एक सासू.

प्रकाशकांनी बजावलं होतं, “पऱ्या आणि बोलके ससे पुरे झाले. शाळांना आता इतिहासातलं खरंखुरं घडलेलं हवंय. पण कुणी न लिहिलेलं.” जावईबापू तिथून निघाले ते थेट सासूबाईंच्या पायाशी येऊन बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सासूबाई तरुणपणी खोक्यांच्या कारखान्यात होत्या. तो जळाला, एवढं सगळ्यांना ठाऊक. आत काय झालं, ते सांगणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

“सांगते,” सासूबाई म्हणाल्या, “पण टिल्लीचं नाव आलं पाहिजे. माझं नसलं तरी चालेल.”

“आई, शब्द दिला.”

टिल्ली ही त्यांची धाकटी बहीण. अंगानं एवढीशी, म्हणून टिल्ली. दोघी एकाच टेबलावर खोकी चिकटवत. भर दुपारी पुढच्या दाराजवळ, खळ शिजवायच्या खोलीत जाळ उठला. बायका मागच्या दाराकडे धावल्या, तर बाहेरून कडी. माल चोरीला जाऊ नये म्हणून मालक स्वतः लावून जायचा.

“वर एक झरोका होता. मांजरसुद्धा खरचटलं असतं, एवढा. टिल्लीनं चपला काढून माझ्या हातात कोंबल्या. मी ओणवी झाले, ती माझ्या पाठीवर चढली आणि पलीकडे पडली. कडी काढली. आम्ही सगळ्या बाहेर. खळ ढवळणारी म्हातारी ठार बहिरी, ती आतच. टिल्ली तिला आणायला परत गेली. मी चपला धरून उभी.”

“मग?”

“मग काय. चपला कपाटात आहेत.”

जावईबापूंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते संपादकबाईंच्या टेबलापर्यंत टिकलं.

“सुरेख आहे हो,” संपादकबाई म्हणाल्या. “पण वयोगट आठ ते दहा. या वयोगटात कुणी मरत नाही.”

“पण ती मेली.”

“इतिहासात. पुस्तकात नाही.”

“मग वाचली असं लिहू?”

“अहो, खोटं कसं लिहाल? सत्यकथा आहे ही! तिला येऊच देऊ नका. दोन बहिणी म्हटल्या की मुलं गोंधळतात. एकच ठेवा, जी हयात आहे ती. शाळांतून फिरवता तरी येईल.”

राहता राहिली कडी. मालकाचा नातू शाळांना वाटायला प्रती घेणार होता, त्यामुळे ती वाऱ्यानं लागली.

“बाहेरची कडी, वाऱ्यानं?” जावईबापूंनी चाचरत विचारलं.

“सोसाट्याच्या लिहा.”

लिहिलं. बायकोनं मुद्रितं चाळली आणि चष्मा काढला. “अहो, आईला शब्द दिलाय ना? टिल्लीमावशी कुठंय?”

“अगं, आहे की. भावनेत आहे.”

“भावनेत? ती काय मीठ आहे, चवीपुरती?”

“पुढच्या आवृत्तीत घालतो, बास?”

प्रकाशनाच्या दिवशी सासूबाईंना मंचावर मधोमध बसवलं. त्यांनी पुस्तक उघडलं. झरोक्यातून धीटपणे बाहेर पडणारी मुलगी तोंडवळ्यानं त्याच होत्या. बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या, पुढून मागे, मागून पुढे. मग माईक ओढून म्हणाल्या, “ही मी नव्हे. हे टिल्लीनं केलं.”

“पाहिलंत?” सूत्रसंचालक ओरडला. “काय हा विनय! श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाहीत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. टिल्ली कोण, हे कुणी विचारलं नाही. जावईबापू सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते, कारण मेहुणा उभा होता आणि हे बसलेले होते.

पुस्तक शाळेत लागलं. नात एका संध्याकाळी आजीजवळ स्वाध्याय घेऊन बसली. शेवटच्या पानावर ‘चूक की बरोबर ते लिहा’.

“आजी, ‘आगीच्या वेळी कारखान्यात दोन बहिणी होत्या.’ काय लिहू?”

“बरोबर,” सासूबाई म्हणाल्या. नातीच्या हातून पेन्सिल घेऊन त्यांनीच ठसठशीत लिहिलं.

नातीनं पुस्तक उलटं करून तळाची बारीक उत्तरं वाचली. “चूक आहे, आजी.”

“अगं, मी होते तिथं.”

“पण बाबांनी लिहिलंय ना!” म्हणत तिनं रबर घेतलं, नीट खोडलं, फुंकर मारली. तिला पैकीच्या पैकी मिळाले.

आता कुणाच्या पदरात काय पडलं? जावईबापूंना पाटी आणि आरामखुर्ची दोन्ही मिळाली. मेहुणा हल्ली स्टुलावर बसतो. प्रकाशकांना शाळा मिळाल्या. मालकाच्या नातवाला वाऱ्याच्या कृपेनं सज्जन आजोबा मिळाले. सासूबाईंना न केलेला पराक्रम मिळाला, तो त्यांना परत करता येईना.

आणि या सगळ्याचं बिल भरलं टिल्लीनं. आगीत एकदा भरलंच होतं, पण तेव्हा निदान चपला उरल्या होत्या. चित्रकार त्या नमुना म्हणून मागून घेऊन गेला होता. पट्टा, टाच, सगळं हुबेहूब काढलंय त्यानं. पुस्तकात त्या सासूबाईंच्या पायात आहेत.