ही होती ना आत

...आणि झाकणाला स्क्रू नव्हता. अंगठ्याच्या नखानं नुसतं दाबलं तर प्लॅस्टिकचं ते इवलंसं झाकण टपकन उघडलं, आत बटणाएवढे तीन चपटे सेल, चकचकीत, तोंडात टाकावेसे वाटणारे – धाकट्या नातवाला तर वाटतीलच, तो परवा शर्टाचं बटण चघळत बसला होता. चांदणीच्या आकाराचा तो दिवा तिनं तळहातावर तसाच उघडा धरून ठेवला. बोलावं की बोलू नये... घरात दिव्याबद्दल बोलायचा अधिकार आपला नाही, हे तिला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. तसं सांगावं लागतही नाही.

"हाच घेऊ या," सून दुकानदाराला म्हणत होती. "पोरांना चांदणी आवडेल. शनिवारी तंबूत टांगला की झालं."

शनिवारी सगळे तळ्याकाठी जाणार होते, एका रात्रीसाठी. महिनाभर मोठी नात घोकत होती – आजी मध्ये, मी इकडं, धाकटा तिकडं, एकाच तंबूत. सून त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती, आणि त्या न म्हणण्यावर आजी महिनाभर जीव टांगून होती.

"याचं झाकण नखानं उघडतंय गं," ती हळूच म्हणाली. "सेल गिळला तर..."

"आई, तुम्ही नका ना त्यात पडू." सून वाईट बोलली नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं बोलली.

सुनेच्या फोनवर मुलगा होताच, आवाज मोठा ठेवलेला. "आई दिव्यांची परीक्षा घेतेय? वा! दुकानदाराला सांग, तिचं सर्टिफिकेट माझ्या डाव्या हातावर आहे म्हणावं."

सून खुदकन हसली. दुकानदाराला काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक हसलं म्हणून तोही हसला.

मनगटापासून कोपरापर्यंत, दुधावरच्या सायीसारखी आकसलेली मुलाची ती कातडी... तिनं किती वर्षं तिला खोबरेल चोळलं. भाजलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. असंच तळं, असाच तंबू, आणि तंबूच्या दाराशी बसून त्याचे वडील पेटत्या कंदिलात रॉकेल ओतत होते. आधी विझवा हो, ती म्हणाली होती. मला शिकवू नकोस, ते म्हणाले होते. मग भडका, मग कापडाचा वास, मग तो आवाज – तो आवाज अजून... नको.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नणंदेनं विचारलं, "पोराजवळ दिवा ठेवला कुणी?" त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "ही होती ना आत."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी होतेच आत. मी मुलाला थोपटत होते.

आणि मी गप्प राहिले. नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, आज नाही तर उद्या ते स्वतःच सांगतील... एकतीस वर्षं तो उद्या उगवलाच नाही. ते गेले, आणि ते वाक्य तेवढं घरात राहिलं, जाणत्या माणसासारखं, सगळ्यांनी ज्याचं ऐकायचं असं.

"आजी बरोबर बोलतायत हो ताई," दुकानदार चांदणी उलटीपालटी करत म्हणाला. "लहान मुलं असतील तर स्क्रूवालाच घ्या. हा बघा."

तिनं तो दुसरा दिवा घेतला. गोल, बुटका, पिवळसर मंद उजेडाचा. टांगायला आखूड कडी, गळ्यात अडकेल अशी लांब दोरी नाही. पेटवून तिनं तो गालाला लावला आणि उभी राहिली, दोन मिनिटं, पाच मिनिटं, सून घड्याळ बघेपर्यंत. काच थंडच राहिली. दिव्यांबद्दल तिच्याइतका विचार त्या घरात कुणी केला नसेल. पण तिला विचारतो कोण!

गाडीत सून म्हणाली, "बरं झालं तुम्ही झाकण बघितलंत. माझ्या लक्षातच आलं नसतं."

तिच्या आत काहीतरी वर आलं, वेडी आशा –

"पण आई, पोरांबरोबर मीच झोपेन. तुमचा तंबू शेजारीच लावू. यांचं म्हणणं आहे तसं. आणि तेवढी काडेपेटी आणू नका."

"माझा संध्याकाळचा नेम..."

"एक दिवस बॅटरीवरचा लावा की. देव काय सेल मोजायला येतोय?"

ती हसली. हसायची सवय होती.

घरी आल्यावर मुलांनी हॉलमध्येच तंबू उभा केला, आत तो नवा दिवा टांगला. कापडावर दोन छोट्या सावल्या नाचू लागल्या. ती आपल्या खोलीत गेली, वात सारखी केली, काडी ओढली. मुलगा दवाखान्यात असताना धरलेला नेम – हा वाचू दे, रोज तिन्हीसांजेला ज्योत लावीन. तापातसुद्धा चुकला नव्हता. वातीपुढं बसून तीच तीन वाक्यं, त्याच क्रमानं.

मुलाला सुखरूप ठेव. झालं. त्याच्या घरच्यांना सुखरूप ठेव... सुनेपाशी जीभ किंचित अडखळली, पण झालं.

त्यांना क्षमा कर.

ओठ उघडले आणि तसेच राहिले. तिनं वाट पाहिली. ज्योत सरळ उभी होती, वारा नव्हता. भिंतीवरच्या फोटोत ते नेहमीसारखेच तिच्याकडं क्षणभर बघत होते, पुढं काय बोलायचं ते ठरवल्यासारखे... एकतीस वर्षं मी तुमच्यासाठी मागत आले. तुम्ही मागितली होती का कधी?

"आजी, ये ना आत!" हॉलमधून मोठीची हाक आली. "जागा ठेवलीय मध्ये!"

"थांब गं," ती म्हणाली. "एक वाक्य राहिलंय माझं."

वात अर्ध्यावर आली. हात जोडलेलेच होते, पाठ ताठ होती, आणि तिच्या लक्षात आलं, ती ते वाक्य शोधत नव्हती.