हिरव्या वायरचा जोड

दगडाबाईंच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या त्याला सहा महिने होऊन गेले होते. फ्रिजचं दार धरलं की बोटांत झिणझिण व्हायची. कधी ती कोपरापर्यंत चढायची, कधी चार-चार दिवस काहीच नाही. ताडकळसच्या डॉक्टरांनी हातपाय तपासले. साखर आधीपासून होतीच. शिरांवर परिणाम झालाय म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. परभणीला नेलं तर तिथंही तेच निदान.

"मला फ्रिज धरल्यावरच व्हायलंय गं," दगडाबाई सुनेला सांगायच्या.

सून सविता दिवसातून वीस वेळा तोच फ्रिज उघडायची. तिला कधी काही झालं नव्हतं. ती घरात चप्पल घालून वावरायची, दगडाबाई अनवाणी. पण हा फरक कुणाच्या डोक्यात आला नाही. किशनराव बायकोला हसायचे. "तुझी साखर आता फ्रिजात जाऊन बसली म्हण की!"

मग एका गुरुवारी सकाळी दगडाबाई अंघोळ करून ओल्या पायांनी नैवेद्याचं दूध काढायला गेल्या आणि फ्रिजसमोर आडव्या झाल्या. उजवं मनगट मोडलं. चक्कर आली, असं घरानं ठरवून टाकलं.

"चक्कर न्हाई, हिसका बसला मला," त्या दवाखान्यातही सांगत होत्या. कुणी ऐकून घेतलं नाही. प्लास्टर घालून घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचंच बंद केलं. बोलणंही कमी झालं.

शेवटी सवितानं झरीच्या वायरमनला, महारुद्रला फोन लावला. सहा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा सगळी लाईटफिटिंग त्यानंच केली होती.

"भाऊजी, एकदा येऊन जा. काही नसलं तरी त्यांच्यासमोर मीटर लावा आन काही न्हाई म्हणून सांगा. तुमच्यावर त्यांचा भरवसा हाय."

महारुद्र दुसऱ्या दिवशी अकराला आला. दगडाबाई स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्चीवर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर.

"माय, कसं काय झालं हे?"

"तूच बघ बाबा. मी सांगून दमले."

त्यानं फ्रिजच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरातला दिवा मिणमिणला. अगदी मंद, पण लाल. सविताच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"जुन्या फ्रिजात थोडा करंट बॉडीत उतरतो, वहिनी," तो म्हणाला. "पण अर्थिंग बराबर असलं की तो जमिनीत निघून जातो. माणसापर्यंत येत न्हाई. अर्थिंगच बघावं लागंल."

त्यानं मेन बंद केलं, फ्रिजची पिन काढली. मेन बोर्डाच्या अर्थच्या पट्टीला एक लांब वायर बांधली आणि तिचं दुसरं टोक मीटरला जोडून एकेका सॉकेटपाशी फिरू लागला. त्या लांब वायरीचा आकडा आधीच मोजून ठेवला होता, तो वजा करत गेला. आकडा जितका लहान, तितकी अर्थची वायर सलग. बैठकीत शून्य पॉइंट तीन ओहम. झोपायच्या खोलीत शून्य पॉइंट चार. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या सॉकेटला, शून्य पॉइंट सहा. पुढं जाईल तसा थोडा वाढणारच. यात वावगं काही नव्हतं.

"बराबर तर हाय," तो पुटपुटला.

"ऐकलं का, आत्या?" सविता म्हणाली.

दगडाबाई उठल्या. आतल्या खोलीत जाताना त्यांनी स्वयंपाकघराचं दार डाव्या हातानं जोरात ओढून घेतलं. त्या दणक्यासरशी मीटरवरचा आकडा उडाला. अकरा. मग चाळीस. मग काहीच दाखवेना.

महारुद्रला वाटलं, हातातली पिन सरकली. त्यानं मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या; मीटर ठीक होतं. सॉकेटमधली अर्थची पट्टी खरवडली, स्क्रू आवळला. पुन्हा मोजलं. नऊ. मग आपोआप शून्य पॉइंट सहा.

"वहिनी, दार एकदा उघडून आपटा बरं."

सवितानं आपटलं. आकडा पुन्हा पळाला.

मागच्या पडवीत वॉशिंग मशीनचं सॉकेट होतं. वायर स्वयंपाकघरातून तिकडं गेली होती. तिथंही तसंच, दार आपटलं की आकडा जागेवर राहत नव्हता. झोपायच्या खोलीत मात्र कितीही आपटा, शून्य पॉइंट चार. म्हणजे खोट झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये होती. आणि मधला वायरीचा पाईप दाराच्या चौकटीवरून गेला होता.

चौकटीकडं बघता बघता महारुद्रनं मीटर खाली ठेवलं.

त्याला तो दिवस आठवला. वास्तुशांत दोन दिवसांवर, गवंडी प्लास्टरची पाटी घेऊन मागं उभा, आणि अर्थची हिरवी वायर हातभर कमी पडलेली. दुकान बंद. त्यानं दोन तुकडे पिळले, टेप गुंडाळला आणि पाईपात सारून दिले. पाईपात जोड द्यायचा नाही, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. त्याला ते तेव्हाही माहीत होतं.

सविता चहा ठेवायला मागच्या चुलीकडं गेली. त्यानं छिन्नीनं चौकटीवरचं प्लास्टर फोडलं, पाईप कापला. टेप वाळून सुटला होता. तांब्याच्या काळ्या पडलेल्या तारांतल्या दोन-तीनच एकमेकींना चिकटून होत्या. दार हललं की त्याही सुटत होत्या.

किशनराव शेतातून आले. भिंतीतलं भगदाड बघून म्हणाले, "काय निघालं रे?"

"उंदरानं कुरतडलंय, तात्या."

विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"उंदीर! आता त्याला तू तरी काय करशील," किशनराव म्हणाले.

दगडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "म्हंजे हिसका खरा होता?"

"खरा होता, माय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटायलं होतं, माझंच डोकं फिरलं. सुनेला काय सांगू, डॉक्टरला काय सांगू. गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू झालं."

महारुद्रनं मान वर केली नाही. झोपायच्या खोलीपासून फ्रिजपर्यंत नवी, सलग वायर ओढली. दार दहा वेळा आपटून घेतलं. शून्य पॉइंट पाच. आकडा हलला नाही. तो सामान आवरू लागला.

"रुद्रा," दगडाबाई म्हणाल्या, "उंदीर पुन्हा आला तर कळंल का रे मला? पिंजरा कुठं लावू? का मी फ्रिजाला हातच लावू नको?"

पक्कड पिशवीत टाकता टाकता तो थांबला. ही बाई आता रोज रात्री भिंतीतली खुडबुड ऐकत पडणार होती.

"माय, उंदीर न्हाई," तो म्हणाला. "जोड माझा होता. वायर कमी पडली म्हणून मी पाईपातच पिळून दिली. मघाशी खोटं बोललो."

किशनराव त्याच्याकडं बघत राहिले. मग "एवढ्या भरवशानं घर तुझ्या हातात दिलं," एवढंच म्हणाले आणि अंगणात निघून गेले. सविता चहाचा कप हातात धरून भिंतीला टेकली. "तुमी चूक केली ती केली," ती हळू आवाजात म्हणाली, "पण आमी त्यांना सहा महिने खोटं पाडलं."

दगडाबाई मात्र त्याच्याकडंच बघत होत्या. राग होता. तो त्यांनी लपवला नाही.

"आणिक कुणाच्या घरी असा जोड दिलास?"

त्याला सहा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यातली कामं आठवावी लागली. "एक नक्की हाय. बाजारपेठेमागं, सत्यशीलाबाईंचं घर. दुसरं... शक हाय."

"त्यांच्यात लहान लेकरं हायेत. मग इथं काय करायलास?"

त्यानं चहा घेतला नाही. अंगणातून जाताना तो किशनरावांपाशी थांबला. "तात्या, दुसऱ्या वायरमनकडून सगळं घर एकदा तपासून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका." किशनरावांनी मान फिरवली.

सत्यशीलाबाईंच्या दारात त्यानं आधी चूक सांगितली, मग मेन बंद करू का म्हणून विचारलं. त्या घाबरल्या, चिडल्या, नवऱ्याला फोन लावला. तिथं आकडे नीट आले. दार आपटलं तरी नीट. त्याचा आकड्यांवर विश्वास बसेना. त्यानं भिंत फोडलीच. जोड होता. अजून घट्ट होता, पण टेप तसाच वाळला होता. संध्याकाळपर्यंत त्यानं तिथंही वायर बदलली.

किशनरावांनी पुढं दुसरा माणूस बोलावला आणि महारुद्रला पुन्हा कधी काम दिलं नाही. ही गोष्ट ताडकळसभर झाली. तिकडून येणारे फोन बंद झाले. दगडाबाईंचं मनगट जरा वाकडंच बसलं. सविता आता त्यांनी काही दुखतंय म्हटलं की हातातलं काम टाकून उठते. कधी कधी दगडाबाईंना त्याचाच त्रास होतो.

ते दुसरं, शक असलेलं घर महारुद्रला अजून आठवलेलं नाही. त्या उन्हाळ्यातल्या गिऱ्हाइकांना तो एकेक करून फोन लावतोय. काही जण उचलत नाहीत.