नऊ दिवसांची नगरसेविका

“अभिनंदन! तुम्ही निवडून आलात,” वकीलबाई आईच्या कानात कुजबुजल्या.

“कधीपर्यंत?” मी विचारलं. मोठ्यानेच. कोर्टाच्या शिपायानं डोळे वटारले. वटारू देत.

वकीलबाईंनी बोटांवर मोजलं. “सभागृहाची मुदत एकोणीसला संपते. म्हणजे... नऊ दिवस.”

पाच वर्षांत कोर्टात एकदाही न हसलेली माझी आई फस्सकन हसली. मला मात्र समोरचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

आईचं इस्त्रीचं दुकान आहे. मी पाचवीत असताना ती निवडणुकीला उभी राहिली, कारण आमच्या गल्लीतल्या गटारावर झाकण नव्हतं आणि त्यात पडून पोस्टमनकाकांचा खुबा मोडला होता. ती तीन मतांनी हरली आणि एक ठेकेदार निवडून आला. मोजताना तिच्या अकरा मतपत्रिका बाद केल्या होत्या. शिक्का म्हणे रेघेला चिकटला!

निकालाला आव्हान द्यायला कायद्यानं आम्हाला तीस दिवस दिले. एकतिसाव्या दिवशी गेलात तर चालते व्हा. आई तिसाव्या दिवशी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, धापा टाकत पोहोचली. आणि कोर्टाला मुदत किती? सहा महिने. पण तिथे एक शब्द घुसवलाय. सहा महिन्यांत ‘शक्यतो’ निकाल द्यावा. मी माझ्या गृहपाठावर ‘शक्यतो उद्या’ असं लिहून बघू का? बाई वर्गाबाहेर उभं करतील!

त्या ‘शक्यतो’मध्ये माझी पाचवी ते दहावी गेली. ठेकेदाराच्या वकिलाला ताप आला. साक्षीदार परगावी गेला. फाइल हरवली, आणि सापडली तेव्हा न्यायाधीशांची बदली झाली होती. बेचाळीस तारखा पडल्या, आणि बेचाळीस वेळा आईनं दुकानाचं शटर ओढलं. शेवटी त्या अकरा मतपत्रिका तपासायला वेळ किती लागला? चाळीस मिनिटं! अकराच्या अकरा चांगल्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी शपथ झाली. कार्यालयाच्या दारात ठेकेदार उभाच होता.

“ताई, कशाला तसदी घेता? नऊ दिवसांत इथे चहासुद्धा येत नाही.”

“चहा नकोय. कपाटाची किल्ली द्या.”

कपाट उघडलं आणि लोकांचे अर्ज भसाभस अंगावर आले. पाच वर्षांचे! चुरगळलेले, कोंबलेले, कित्येक तर पाकिटातून बाहेरही न काढलेले. आईनं पिशवीतून चादर काढली, सगळे अर्ज त्यात बांधले आणि कपड्यांचं गाठोडं उचलावं तसं उचललं.

घरी येऊन तिनं इस्त्री मंद तापवली आणि एकेका अर्जाच्या चुण्या घालवायला बसली. मग वाचायचं, ‘हे काम त्वरित करावे’ असं लिहून सही करायची, आणि अर्ज करणाऱ्याला दोन ओळींचं उत्तर.

“आई, काय उपयोग आहे याचा? आठ दिवस उरलेत!” मी ओरडले. “त्या माणसानं तुझी पाच वर्षं खाल्ली आणि तू इस्त्री काय करतेस?”

“ओरडून झालं असेल तर पाकिटं चिकटव.”

मी दणादणा पाकिटं चिकटवली. शंभरेक तरी झाली असतील. मग तिचा हात थांबला.

तो अर्ज सुवाच्य अक्षरात होता. गटारावर झाकण बसवण्याबद्दल. तारीख चार वर्षांपूर्वीची. खाली पोस्टमनकाकांचा पत्ता, घर नंबरापासून जवळच्या खुणेपर्यंत अगदी पूर्ण. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्धवट पत्ते शोधत फिरलेला माणूस तो. खुबा मोडला तेव्हापासून ते अंथरुणातून उठलेच नाहीत. गेल्या वर्षी गेले. घराला कुलूप आहे.

आईनं त्या कागदावरून दोनदा इस्त्री फिरवली. सही केली. उत्तर लिहून पाकिटात घातलं, पाकीट उलटं केलं आणि पेन तसंच धरून बसली.

“पत्ता काय घालू गं?”

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

तिनं पाकिटावर पत्त्याच्या जागी फक्त आजची तारीख घातली.