परत पाठवलेली गाडी

बाईमाणसाचं काहीही दुखलं की त्याला गॅस म्हणायचं, हा तांड्याचा जुना कायदा. रामीबाईचा जबडा ठणकायला लागला, पाठ भरून आली, थंडीच्या सकाळी लुगडं घामानं भिजलं, तरी भीमसिंगनं ओट्यावरूनच बायकोचं निदान केलं, "गॅस आहे. ओवा दे तिले चावाले." आणि पुन्हा शेजारच्या देवसिंगशी कापसाच्या भावावर बोलू लागला. मागच्या वर्षी यालाच जेवण अंगावर आलं होतं, तेव्हा जीपमध्ये अख्खा तांडा कोंबून यवतमाळ गाठलं होतं. तिथं एक ढेकर आली आणि साहेब बरे झाले.

रामीबाईच्या सुनेनं, ममतानं, ओव्याचा डबा काढलाच नाही. नवरा पुण्याला कामावर, म्हणजे सासूला बघणारी घरात तीच. तिनं सरळ एकशेआठला फोन लावला. गाडी बोरी अरबहून निघालीसुद्धा. तांड्याचा फाटा कोणता, हे विचारायला ड्रायव्हरचा फोन आला, तो नेमका भीमसिंगनं ऐकला. घरातल्या सुनेला परक्या पुरुषाचा फोन? त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"येऊ नका. बाईले गॅस झाला," तो म्हणाला. "काई लागलंच तर आमी माणसं बसलो नं इथं."

बसलेच होते. तेच तर दुखणं होतं!

लग्न झाल्यापासून ममतानं सासऱ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. पदर नाकापर्यंत आणि शब्द गिळलेले, अशी रीत. आताही तिनं शब्द गिळला, पण राग काही गिळवेना. तेवढ्यात रामीबाईला ओकारी झाली, हात गार पडले. "मले धर वो," एवढंच ती म्हणाली. तिला टेकवून ममता सासऱ्यानं ओट्यावर टाकलेला फोन घेऊन गोठ्यात गेली आणि पुन्हा तोच नंबर लावला.

"आता कोणी काई म्हणो, गाडी फिरवू नका. माही सासू मरून राह्यली."

गाडी आली. डॉक्टर फिजा उतरल्या. त्यांनी रामीबाईच्या छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि ती बघताच त्या घाईला लागल्या. गोळी चावायला दिली, हाताला सुई लावली, यवतमाळच्या दवाखान्याला फोन करून तयारी ठेवायला सांगितलं.

"हार्ट अटॅक आहे."

"बाईले अटॅक येते काय कुठं?" भीमसिंग म्हणाला.

"हृदय बाईलाही असतं, काका."

गाडीत सोबत एकालाच बसता येत होतं. अर्थात भीमसिंगच चढला.

"कधीपासून दुखतंय त्यांना?"

"सकाळपासून असन."

"बीपीची गोळी कोणती चालू आहे?"

भीमसिंगनं खाली उभ्या देवसिंगकडे पाहिलं. जसं काही त्याच्या बायकोच्या गोळ्या देवसिंगच खात होता! "गोळी घेते काय ती?" त्यानं विचारलं.

नातवंडं होईस्तोवर संसार केला आणि हे! ममतानं पदर मागे टाकला.

"मामाजी, खाली उतरा."

सगळे तिच्याकडे वळले. कुठलं घर, कुठली सून, आणि हा कुणाचा आवाज?

"उतरा म्हणतो नं! तुमाले काईच माईत नाई, अन् तिच्यापाशी टाइम नाई."

भीमसिंग उतरला. ममता चढली आणि दार लागायच्या आत तिनं दुखण्याची वेळ सांगितली, गोळीचं नाव सांगितलं, रात्री जेवण गेलं नव्हतं हेही सांगितलं.

रामीबाई वाचली. वाया गेलेल्या वेळानं काळीज मात्र अधू केलं ते केलंच. आता पाण्याची कळशी उचलायची नाही, दोन पावलं चाललं की दम लागतो. ती घरी आली तशी भेटायला माणसं जमली आणि ओट्यावर भीमसिंग रंगात आला.

"मले तवाच समजलं, हे साधं दुखणं नाई. फोन लावला, की गाडी दारात!"

आत ममतानं हातातली कपबशी खाली ठेवली. ती उठणार, तोच खाटेवरून रामीबाई बोलली. जन्मात तिनं नवऱ्याचा शब्द खोडला नव्हता.

"फोनवर बोललते नं तुमी. येऊ नका म्हणून." तिला दम लागला, तो बसेस्तोवर ती थांबली. "मी आयकून राह्यलती."