सवलतीची दोन मिनिटं

"वहिनी, सोबत गजराचं घड्याळही घेऊन जा. वेळ माणसावर सोपवू नका, माणसाला दयामाया असते," स्टुडिओ बंद करणाऱ्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनं तिला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. "आमच्या घरी कारखान्यातला टाइमकीपर आहे, तीस वर्षं मुरलेला!" असं तोऱ्यात सांगून तिनं फिल्म धुवायचा डबा तेवढा उचलला. डब्याचं झाकण तडकलेलं होतं. म्हणजे फिल्म धुऊन होईपर्यंत मिट्ट काळोख हवा, मोबाईलचा उजेडसुद्धा चालणार नाही.

टाइमकीपर म्हणजे तिचे सासरे. आणि एवढा खटाटोप होता तो एका रोलसाठी. सासूबाई गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी नातीला मांडीवर घेतलं होतं, तेव्हाचा. दोघींचा एकत्र फोटो दुसरा नव्हताच. रोल दोन वर्षं कॅमेऱ्यातच पडून होता. तो कुणा परक्याच्या हाती द्यायला तिचा जीव धजेना, आणि स्वतः धुवायचा म्हटलं तर तिनं आजवर एकही रोल धुतला नव्हता.

म्हणून आधी चाचणी. तसलाच नवा रोल आणून तिनं गॅलरीतल्या कुंडीचे फोटो काढले, थोडा उजेड कमी, थोडा जास्त. मग रोलचे तीन तुकडे केले, प्रत्येक तुकडा औषधात वेगवेगळी मिनिटं ठेवून बघायला. न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल कोंबला, फिल्म धुवायच्या औषधांच्या बाटल्या फळीवर चढवल्या, लेकीचा हात तिथवर पोचत नाही ना हे तीनदा पाहिलं. दाराबाहेर सासरे खुर्ची टाकून, मांडीवर नात, मनगटावर घड्याळ.

"सहा मिनिटं झाली गं!" पहिला तुकडा.

"आठ!" दुसरा.

"दहा! सुटी झाली, बाहेर ये!" तिसरा.

तुकडे वाळले तेव्हा ती चक्रावली. खोक्यावर आठ मिनिटं छापली होती, पण आठचा तुकडा करपलेला आणि दहाचा तर नुसता कोळसा. सहाचा मात्र झकास, कुंडीतलं पान न् पान मोजून घ्यावं असा. पाणी गरम होतं की काय? डबा जास्त हलवला? तिनं सगळं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सहाच.

"छापणाऱ्यांचं चुकलं असेल," नवरा म्हणाला. "तू सहावर शिक्कामोर्तब कर. आणि बाबा, आज आईचा रोल आहे, हलगर्जीपणा नको हं!"

"मला शिकवतोस?" सासरे गुरकावले. पण बोल जिव्हारी लागला असावा. त्यांनी खुर्ची दाराला खेटवली आणि नातीलाही गप्प बसवलं.

काळोखात तिनं रोल चाचपून रिळावर चढवला, औषध ओतलं.

"सहा!" बाहेरून खणखणीत आवाज आला. "आज एका सेकंदाचीही सवलत नाही!"

औषध ओतून टाकायला डबा तिरका झालाच होता. तिचा हात जागच्या जागी थबकला.

"सवलत? कसली सवलत, बाबा?"

"अगं, नेहमीची! कारखान्यातही घड्याळाचा ठोका पडल्यावर मी दोन मिनिटं थांबूनच फाटक लावायचो. पोरं धापा टाकत यायची बिचारी. तूही आत अंधारात चाचपडत असशील, म्हणून दोन मिनिटं थांबून ओरडायचो. आज मात्र कडक!"

सहा अधिक दोन. आठ. खोकं बरोबर होतं!

"बाबा, सवलत द्या!" ती किंचाळली. "दोन मिनिटं! आत्ताच्या आत्ता!"

"पण तो म्हणाला..."

"त्याला मी बघून घेते! तुम्ही मोजा!"

बाहेर नात टाळ्या पिटायला लागली. सासऱ्यांनी मोजायला सुरुवात केली, आणि ती दोन मिनिटं त्यांनी अशी मोजली, की एकेक सेकंद हाताला धरून दारातून आत घ्यावा.

फिल्म निघाली. उलट्या काळ्या-पांढऱ्या रंगांतही सासूबाई हसताना ओळखू येत होत्या, नि त्यांच्या मांडीवर मुठी आवळलेलं गाठोडं.

ओली पट्टी न्हाणीघरातच वाळत घातली तेव्हा सासरे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी पाच मिनिटांत आलोच." आणि दार लोटून घेतलं.

त्याला बराच वेळ झाला. तिच्या खांद्यावर लेक झोपलीय, हललं की जागी होईल, आणि नवऱ्याला पाठवावं तर तो काहीतरी बोलून बसायचा. तेव्हा तुम्हीच जरा बघून या ना. आधी हळूच दार वाजवा. बाबा "आलोच" म्हणाले, तर दोन मिनिटं थांबा.